पिंजऱ्यावरची पांढरी बोटं

खंडेनवमीला सूर्य माथ्यावर आला की महांतप्पांच्या गॅरेजात हत्यारं बसत. पाने, पकडी, हातोडे, जॅक, सगळं डिझेलनं धुऊन, कोरड्या फडक्यानं पुसून लाल कापडावर मांडायचं, वर झेंडू वाहायचा, आणि मग दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याचं पान पडेपर्यंत त्यातल्या एकालाही हात लावायचा नाही. हायवेवर कुणाचीही गाडी अडकू दे. तुळजापूरला निघालेली माणसं हात जोडून उभी राहिली, तरी महांतप्पा त्यांना चहा पाजत, सावलीत बसवत, पण पाना उचलत नसत. जळकोटात हे सगळ्यांना ठाऊक होतं. नळदुर्गापर्यंतचे ड्रायव्हर नवमीच्या आधीच आपापल्या गाड्या दाखवून घेत.

यंदा हत्यारं बसायची वेळ झाली तेव्हा घरातल्या मायलेकी एकमेकींशी धड बोलत नव्हत्या, आणि दसऱ्याच्या सकाळी माळावर शर्यत होती.

महांतप्पांच्या पत्नी नागम्मा पूजेचं ताट घेऊन गॅरेजात आल्या. थोरला मुलगा शिवपुत्र तेवढ्यात बाहेर धावला होता. अक्कलकोटकडची, भाविकांनी गच्च भरलेली एक गाडी दारातच बंद पडली होती. "अप्पा, एवढी एक बघतो, पट्टा तुटलाय निसता," म्हणत तो हातातला पाना घेऊनच गेला.

"बिगी बिगी ये. ऊन थांबत न्हाय कुणासाठी," महांतप्पा खुर्चीतून म्हणाले.

नागम्मा निळ्या जीपजवळ गेल्या. छत काढलेली, दारं काढलेली ती जुनी जीप नात शुभांगी उद्या चालवणार होती. आत जाड लोखंडी नळ्यांचा पिंजरा होता. गाडी उलटली तर माणूस चेपू नये म्हणून शिवपुत्रनं तो यंदा नवा घडवला होता. पिंजऱ्याचे पाय जीपच्या तळाला बोल्टांनी धरलेले.

दरवर्षी त्या शर्यतीच्या गाडीच्या बॉनेटला आणि स्टिअरिंगला विभूती लावत. तेवढंच. यंदा तेवढ्यानं त्यांचा जीव भागेना. नऊ दिवसांच्या उपासानं पाय हलके झाले होते, तरी त्यांनी चप्पल काढली, पदर खोचला आणि वाकून आत शिरल्या. वाटीत कालवलेल्या विभूतीत बोट बुडवायचं, ओठांत 'नमः शिवाय' म्हणायचं आणि एका बोल्टवर टेकायचं. मग दुसऱ्या. सीटच्या मागचा पाय अडचणीत होता. तिथं त्यांनी सीटवर गुडघा टेकला, हात लांबवला, आणि चाचपडत त्याही बोल्टांवर बोट ओढलं. एकही सोडायचा नव्हता. पोरगी यातच बसणार होती.

शिवपुत्र परत आला तो घामाघूम. महांतप्पांनी त्याच्या हातातला पाना घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि कापडावर सगळ्यात शेवटी ठेवला. झेंडू वाहिला. हात जोडले.

हत्यारं बसली.

*

घराच्या मागच्या बाजूला सत्यभामा फुलोऱ्याच्या कडाकण्या तळत होती. दाराच्या खुंटीला तिची कापडी पिशवी टांगलेली होती. तिच्यात दोन लुगडी, टॉवेल, औषधाची डबी. ढोकीला भाऊ होता. पोरगी माळावर गेली तर सकाळच्या एसटीनं आपण ढोकीला जाणार, हे ती घरात सगळ्यांना ऐकवून चुकली होती.

"आई," शुभांगी उंबऱ्यात उभी राहून म्हणाली. हाताला ग्रीस होतं, ती ते फडक्यानं उगीचच पुसत होती. "दहीसाखर देणार का नाही, एवढं तर सांग."

"कडाकणी खा."

"कडाकणी नको. दहीसाखर."

"दही लागलं न्हाय."

"सकाळीच विरजण लावलंस. मी बघितलं."

सत्यभामानं झाऱ्या कढईच्या काठावर आपटला. या घरात माळावर जाणाऱ्यानं दहीसाखर खाऊन जायचं, आणि ती द्यायची घरातल्या एका बाईनं, आईनं नाहीतर बायकोनं. नाही दिली तर गाडी जागेवर. हा नेम महांतप्पांनी घातला होता, पण नंतर. धाकटा हणमंतप्पा, सत्यभामाचा नवरा, माळावर उलटला त्यानंतर. तिला तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं.

हणमंतप्पा ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात खांद्यापासून लोंबलेला, तो त्यानं मांडीवर एखादी वस्तू ठेवावी तसा ठेवला होता. "शुभे, आईला कोंडीत धरू नकू," तो म्हणाला. "तिनं माझ्याशी लगीन केलं. त्याच्याइतकी धोक्याची शर्यत या जिल्ह्यात झाली न्हाय."

"तुमी गप बसा," सत्यभामा म्हणाली. "तुमच्यामुळंच पोर शिकली हे."

"व्हय. चांगलं शिकवलंय. कुणाला बी विचार."

शिवपुत्र हात धुऊन आला होता. तो तांब्या तोंडाला लावून उभा राहिला. सत्यभामा दिराकडं सरळ बघत नसे, पण आज बघितलं. "भाऊजी, तुमी तरी सांगा. तुमच्या बायकुला ठावं असतं तर तिनं बी मलाच साथ दिली असती. ती बरी, सोलापुरात लेकीच्या बाळंतपणाला बसलीया."

"सत्यभामा, तू न्हाय म्हणालीस तर म्या तुझ्या बाजूनं," शिवपुत्र म्हणाला. "अप्पांच्या म्होरं म्हणीन. पण व्हय म्हणालीस तर पिंजरा माझा. जिम्मा माझा."

"म्हंजी दोन्हीकडनं तुमीच."

"गॅरेजवाल्याला तसंच रहावं लागतं."

हणमंतप्पा हसला. सत्यभामा हसली नाही. तिला सोलापूरच्या दवाखान्याचा तो लांब बोळ आठवत होता. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगायचा, धुरळ्याचा खेळ आहे वहिनी, चालायचंच. कुणी म्हणालं गाडीच तशी होती, कुणी म्हणालं वेळ तशी होती. तिला ती गाडी बघायची होती. काय मोडलं, कुठं मोडलं, डोळ्यांनी बघायचं होतं. नवऱ्याला घेऊन ती घरी आली तेव्हा गाडी भंगारवाल्यानं नेलेली होती. जागेवर तेलाचा डाग होता फक्त.

"दही संध्याकाळी बघू," ती म्हणाली.

शुभांगीनं बापाकडं बघितलं. हणमंतप्पानं डाव्या हातानं तिला खूण केली. चल.

*

जळकोटच्या माळावर सोयाबीन निघालं की दोन महिने जमीन मोकळी असे. तिथं दरवर्षी टँकरनं पाणी मारून, रोलर फिरवून वाट आखायची, वळणाला जुने टायर रचायचे, ट्रॉलीवर भोंगा बांधायचा. भूमहून, लातूरहून, सोलापूरहून गाड्या यायच्या. आज दुपारीच पाच-सहा गाड्या येऊन थांबल्या होत्या. लिंबाखाली चूल पेटली होती, कुणाची तरी बायको पिठलं हाटत होती आणि ज्याची गाडी उघडी त्याच्या गाडीत बाकी सगळ्यांचे हात होते.

"काय हणमंतअण्णा," भूमचा शंतनू गाडीखालूनच ओरडला, "पोरीला ट्रॅक दाखवताय, का तुमचा पुतळा कुठं बसवायचा ते?"

"जागा कवाच ठरलीया. तू पडशील तिथं शेजारी तुला बी बसवू."

शंतनू बाहेर आला. तोंडभर माती, दात तेवढे पांढरे. दोन वर्षं तोच पहिला येत होता. त्यानं शुभांगीकडं बघून मान हलवली. "हेल्मेट आहे का नीट? नसलं तर माझं एक जास्तीचं आहे. आणि एक ऐक. उद्या मी तुझ्या पुढं असणारच..."

"बघू," शुभांगी म्हणाली.

"...असलो तर, बरं. धुरळ्यात माझी गाडी दिसेना झाली की पाय उचलायचा. आत घुसायचं नाही. जिंकायला दिसावं लागतं."

"आणि तुम्ही मागं असलात तर?"

"तर मी उचलीन. शपथ." तो हसत परत गाडीखाली गेला.

बापलेक टायरच्या वळणाशी येऊन थांबले. हणमंतप्पाला ही जागा दाखवताना कधी संकोच वाटला नव्हता. विचारेल त्याला तो सांगायचा, आणि न विचारणाऱ्यालाही.

"हितं," त्यानं पायानं रेघ ओढली. "हितं दाबायचा ब्रेक म्या तितं दाबला. पुढच्याला गाठायचं हुतं. गाडी फिरली, आडवी झाली, दोनदा उलटली. गाडीचा दोष न्हाय. देवाचा तर न्हायच."

"पिंजरा होता ना?"

"हुता म्हणून तर हितं उभा हाय. डोकं पिंजऱ्यात ऱ्हायलं, हात भाईर गेला. लोक म्हणत्यात नशीब. नशीब कसलं? शिवपुत्रअण्णानं आवळलेले बोल्ट." त्यानं तिच्याकडं बघितलं. "हितं काय करशील?"

"टायरचा पहिला ढीग दिसला की ब्रेक. मग गिअर खाली. वळण संपताना ॲक्सिलेटर."

"आन् हात?"

"आत."

"बास. आता तुझ्या आईला हेच सांग. मला सांगून काय उपेग?"

"ऐकतीय का ती?"

"ऐकतीय," हणमंतप्पा म्हणाला. "तिला बघायचं असतं. ऐकून तिचं पोट भरत न्हाय."

*

दिवेलागणीला नागम्मा मौनात जात. नवमीची सांज ते दसऱ्याची पहाट, त्या बोलत नसत. लग्न होऊन या घरात आल्या त्या वर्षीपासूनचा नेम. आळंदकडच्या त्यांच्या माहेरी आईनं तो चालवला होता, तिनं तो यांच्या ओटीत घातला. घरातल्यांना सवय होती. अव्वांना काही हवं असलं तर त्या बोटानं दाखवत, आणि बहुतेक वेळा त्यांना काही हवंच नसे.

घटापुढं दिवा लावून त्या ओसरीवर येऊन बसल्या, मांडीवर कापूस घेऊन वाती वळू लागल्या. शिवपुत्र पानाची चंची उघडून बसला होता. सत्यभामानं त्याच्यापुढं चहाचा कप ठेवला आणि तिथंच खांबाला धरून उभी राहिली.

"भाऊजी, एकच विचारते. पिंजरा पक्का हाय?"

शिवपुत्रनं चुन्याची डबी वर धरली. "हे बघ. आमच्यात असं अस्तं. आधी सगळे बोल्ट निस्ते हातानं बसवायचे. सगळे पाय जागेवर बसले की मग एकेक करून पान्यानं आवळायचा. आवळला की त्याच्यावर चुन्याचं बोट. डिंकाच्या पाण्यातला चुना, निघता निघत न्हाय. पांढरं दिसलं म्हंजी आवळला. न्हाय दिसलं म्हंजी ऱ्हायला. गाडीत वाकून बघितलं की कळतं."

"बघितलं?"

"हत्यारं बसल्यावर बघितलं. सगळे पांढरे."

नागम्मांच्या बोटांतली वात थांबली.

त्यांनी आपलं उजवं बोट पाहिलं. नखाच्या कडेला विभूती अजून होती. दुपारी आत वाकल्या तेव्हा कुठल्या बोल्टवर आधी काय होतं, ते त्यांनी बघितलंच नव्हतं. सीटच्या मागं तर नुसतं चाचपडत लावलं होतं. कदाचित सगळे आवळलेलेच असतील. आपलं बोट आवळलेल्यावरच पडलं असेल. आणि पहाटेपर्यंत बोलायचं नाही, हा नेम होता. देवापुढं केलेला. आता आत जाऊन काही दाखवावं तर सत्यभामाचं 'नाही' पक्कं होणार, शिवपुत्रची मान खाली जाणार, पोरगी वर्षभर ज्याच्यासाठी झटली ते जाणार.

त्या उठल्या. रांजणाच्या कडेचं फडकं ओलं केलं आणि गॅरेजकडं चालू लागल्या.

"अव्वा कुठं?" शिवपुत्र म्हणाला.

शुभांगी अंगणातच होती. आजीला जीपमध्ये शिरताना बघून ती मोबाईलचा उजेड घेऊन धावली. "अज्जी, अंधारात काय करताय? पडाल."

नागम्मांनी तिचा हात धरून उजेड पुढच्या पायावर वळवला आणि फडक्यानं बोल्ट पुसला. वरचा पांढरा थर गेला. खाली चुन्याची बारकी, टणक रेघ राहिली. पुढचा. रेघ राहिली. पुढचा.

"अज्जी, पूजा पुसताय?"

त्या सीटवर गुडघा टेकून मागं वाकल्या. फडकं फिरवलं. पांढरं गेलं, आणि खाली नुसतं लोखंड राहिलं. त्यांनी दुसरा पुसला. लोखंड. मग अंगठा आणि बोट लावून नट फिरवला. लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरावं तसा तो फिरला.

शुभांगीनं उजेड नटाजवळ नेला. "काका," तिनं हाक मारली. आवाज मोठा नव्हता, पण सगळे आले.

शिवपुत्रनं वाकून बघितलं, स्वतः नट फिरवून बघितला. "म्या हे ऱ्हायलेले सोडून भाईरच्या गाडीकडं गेल्तो," तो म्हणाला. "आलो तर पांढरं दिसलं. म्हटलं शुभीनं आवळले."

"मी पांढरं बघितलं," शुभांगी म्हणाली. "मला वाटलं तुम्ही."

नागम्मांनी आपलं बोट पुढं केलं आणि छातीवर टेकवलं. मी.

मग त्यांनी हणमंतप्पाकडं बघितलं, त्याच्या लोंबत्या हाताकडं, आणि पुन्हा बोट छातीशी नेलं. या वेळी त्यात प्रश्न होता.

"न्हाय, अव्वा," हणमंतप्पा लगेच म्हणाला. "माझी शर्यत उन्हाळ्यातली, तवा दसऱ्याला भरत न्हवती. तवा ना नवमी ना पूजा. आन् माझे बोल्ट टिकले. ते डोक्यातनं काढ."

सत्यभामा सगळ्यात मागं उभी होती. तिला जे म्हणायचं होतं ते आता म्हणायचीही गरज नव्हती. सगळ्यांना ते समोर दिसत होतं.

शिवपुत्र वळला, लाल कापडापाशी गेला आणि काठावर थांबला.

"हत्यारं बसल्यात," महांतप्पा दारातून म्हणाले.

"अप्पा, एक पाना. एका पायाचे बोल्ट."

"उद्या सांजंला उठतील."

"शर्यत सकाळी हाय. न्हायतर शंतनूकडनं पाना आणतो माळावरनं."

"हत्यार कुणाचं बी असू दे. या छताखाली उद्या सांजंपतूर बोल्ट फिरायचा न्हाय. आन् गाडी ढकलून भाईर न्यायची असंल तर परत आत आणू नकू." महांतप्पांनी डाव्या हाताचा पंजा वर केला. मधल्या बोटाचं वरचं पेर नव्हतं. "नवमी मोडली तवा जॅक सरकला. हे बोट गेलं. पुढच्या टायमाला हात गेला अस्ता. गाडी जाणार न्हाय. मिटलं."

ते बरोबर बोलत होते, असंच सगळ्यांना वाटलं. शुभांगीनं मान खाली घातली. तिचं भांडण आता कुणाशीच उरलं नव्हतं.

"जॅक नवमीनं सरकला न्हाय," नागम्मा म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून बघितलं. कुणालाच आधी उमगेना, काय घडलं ते. नवमीच्या सांजेला हा आवाज या घरात कुणी ऐकलेला नव्हता. तो नेहमीसारखाच मऊ होता.

"चाकाखाली वीट लावली न्हवती. वीट म्याच आणून दिली हुती, तुमच्या पायापाशी ठेवली हुती. तुमी म्हणालात, ऱ्हाऊ दे, आत्ता होतंय. घाई हुती तुमाला."

महांतप्पांनी पंजा खाली केला.

"आज बी घाई झाली," नागम्मा म्हणाल्या. "त्याला घाई झाली भाईरच्या गाडीची. मला घाई झाली देवाची. बघितलं न्हाय म्या, आधी काय हाय त्याच्यावर. देवानं सांगितलं न्हवतं न बघता बोट ओढ म्हणून."

"अव्वा, तुझं मौन," शिवपुत्र पुटपुटला.

"मोडलं की. आता काय." त्या महांतप्पांच्या खुर्चीजवळ गेल्या. "माझा नेम मोडला. तुमचा बी मोडू द्या. दोघं मिळून प्रायश्चित्त घिऊ. म्या उद्या पारणं करत न्हाय, आणखी एक दिस धरते. तुमी च्या सोडा."

"च्या?"

"एक दिस."

"दसऱ्याला?" महांतप्पा म्हणाले. "माळावर च्या न्हाय प्यायचा? सगळी माणसं कप पुढं करत्यात गं."

"म्हणून तर प्रायश्चित्त."

हणमंतप्पानं तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. महांतप्पांनी त्याच्याकडं रोखून बघितलं, मग कापडाकडं. उठले. वाकताना गुडघा वाजला. झेंडूची फुलं त्यांनी एकेक करून बाजूला ठेवली, दुपारी शेवटी ठेवलेला पाना उचलला, कपाळाला लावला आणि शिवपुत्रपुढं धरला.

"द्या हिकडं," सत्यभामा म्हणाली.

तिनं पाना मधेच घेतला होता. जड होता, हात खाली गेला. ती तो घेऊन जीपपाशी गेली, पदर खोचला. "भाऊजी, तुमी आवळा. पण माझ्या म्होरं. सगळे. पांढरे असू देत नायतर काळे. एकेक दावायचा मला." ती क्षणभर थांबली. "त्या वेळची गाडी मला कुणी दावलीच न्हाय."

शिवपुत्रनं मान डोलावली. तिनं पाना त्याच्या हातात दिला.

मग काम सुरू झालं. हणमंतप्पानं डाव्या हातात बॅटरी धरली. "जरा उजवीकडं," सत्यभामा त्याला म्हणायची, आणि तो म्हणायचा, "उजवं माझ्याकडं न्हाय, डावं चालंल का?" नागम्मा फडकं पिळून देत होत्या. सत्यभामा पुसायची, शिवपुत्र जोर लावायचा, पाना कुरकुरून थांबला की ती स्वतः पकडून ओढून बघायची. ज्यावर जुनी रेघ होती तेही बोल्ट तिनं सोडले नाहीत. एकदोनदा शिवपुत्र म्हणाला, हा झालाय गं. ती म्हणाली, असंल. दावा.

शुभांगी सीटवर बसून होती, पाय वर घेऊन, आईला वाट देत. आईचा चेहरा तिच्या कोपराजवळ, घामानं ओला, कपाळावर ग्रीसचा ओघळ. टायरच्या वळणाचं सांगावं असं तिला वाटलं, आणि तिनं सांगितलं. पहिला ढीग दिसला की ब्रेक. मग गिअर. हात आत.

"आन् धुरळ्यात पुढचं दिसलं न्हाय तर?" सत्यभामानं खालूनच विचारलं.

"पाय उचलायचा."

"उचलशील? का शंतनूला गाठायचं म्हणून दाबशील?"

शुभांगीनं खाली वाकून आईकडं बघितलं. "उचलीन," ती म्हणाली.

सीटमागचा शेवटचा बोल्ट आवळून झाला. शिवपुत्रनं चुन्याची डबी काढली, झाकण उघडलं, आणि बोट बुडवायच्या ऐवजी डबी सत्यभामापुढं धरली. दुपारी कढईच्या तेलानं तिच्या बोटाला चटका बसला होता. चुना लागला तसं ते चुरचुरलं. तिनं बोट न उचलता सावकाश, नटावरून बोल्टापर्यंत सरळ रेघ ओढली.

घरात जाऊन तिनं दह्यावरचं झाकण उचलून बघितलं. लागलं होतं. खुंटीवरची पिशवी तिनं काढली नाही, पण तिच्यातला टॉवेल काढला आणि शुभांगीच्या हेल्मेटशेजारी ठेवला. तिथं उन्हात घाम फार येतो.

*

दसऱ्याच्या सकाळी निळ्या जीपला झेंडूचा हार होता. नागम्मा विभूतीची वाटी घेऊन आल्या, जीपजवळून पुढं गेल्या आणि शुभांगीपुढं थांबल्या. तीन बोटांनी तिच्या कपाळावर पट्टे ओढले. गाडीला यंदा त्यांनी हात लावला नाही. सत्यभामानं दहीसाखर दिली, पहिला घास पुरेना म्हणून दुसरा दिला, आणि वाटी घेऊनच ती जीपमागून माळावर निघाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

माळावर महांतप्पांना जो तो चहा आणून देत होता. ते हात हलवत होते. "अप्पा आजारी आहेत का?" शंतनूनं हणमंतप्पाला बाजूला घेऊन विचारलं.

"न्हाय. शिक्षा भोगत्यात."

भोंग्यावरून गाड्यांची नावं पुकारली जात होती. कमिटीचा तपासनीस एकेका गाडीत वाकून बघत येत होता. हेल्मेट, पट्टा, आग विझवायचं नळकांडं. निळ्या जीपपाशी येऊन त्यानं पिंजऱ्याच्या नळ्यांना हात लावला, खाली वाकला, रेघा बघितल्या.

"कुणी आवळले?"

"काकांनी," शुभांगी म्हणाली.

"आणि बघितले कुणी?" हा प्रश्न तो सगळ्यांनाच विचारायचा. बहुतेक ठिकाणी ज्यानं आवळले त्याचंच नाव पुन्हा यायचं.

दोरीपलीकडच्या गर्दीतून एका बाईनं हात वर केला. बोटाच्या टोकाला पांढरं होतं, रात्रीपासून धुऊनही गेलेलं नव्हतं.

"म्या," सत्यभामा म्हणाली. "एकूणएक."

तपासनीसानं तिच्याकडं बघितलं, मग शुभांगीच्या पट्ट्याला एक हिसका दिला, आणि पिंजऱ्यावर थाप मारून म्हणाला, "सोडा हिला."